गयाने वाचून दाखवलं

दिवाळी सरली की राहात्यात आमच्या घरी मळीचा वास यायला लागतो. कारखान्याचं गळीत सुरू झालं हे कळायला वर्तमानपत्र लागत नाही. वारा फिरला की आंबूस, गोडसर, कुजका असा तो वास खिडकीतून आत येतो आणि पडद्यांना, उशांना, तव्यावरच्या भाकरीलासुद्धा चिकटतो. सूनबाई दारं लावून घेते आणि वर उदबत्ती लावते. उदबत्ती आणि मळी मिळून जे तयार होतं ते नुसत्या मळीपेक्षाही वाईट असतं. "सवय होईल हो आई," असं ती मला दरवर्षी सांगते. तिला झाली असेल. मला पन्नासहून जास्त वर्षांत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर होऊ नये असंच वाटतं.

कारण हा वास आला की सत्तर-एकाहत्तर सालचा तो हंगाम आठवतो. कोपरगाव तालुक्यात, कॅनॉलच्या कडेला असलेल्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली होती. वय एकवीस. केसांना घट्ट वेणी, खांद्याला शबनम आणि डोक्यात ट्रेनिंगला असताना भरून घेतलेले विचार. मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. मुलाला सांगू नये, शोधू द्यावं. घोकंपट्टी हा बालमनावरचा अत्याचार आहे. ही वाक्यं मला तोंडपाठ होती. घोकंपट्टी वाईट, हेसुद्धा मी घोकूनच शिकले होते, हे लक्षात यायला पुढे बराच काळ जावा लागला.

शाळेत दोन खोल्या, एक व्हरांडा आणि दोन शिक्षक. दुसरे होते हेडमास्तर. गाव त्यांना थोरले गुरुजी म्हणायचं. पांढरं धोतर, काळा कोट, हातात निरगुडीची छडी. सकाळचा पहिला तास त्यांचा असे. चारही वर्गांना ते व्हरांड्यात दाटीवाटीने बसवत आणि पावकी, निमकी, पाढे, कविता, धडे सगळं एका सुरात म्हणून घेत. चौथीचं पत्रलेखनही त्यात आलं. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष, पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही सर्व येथे खुशाल आहोत..." साठ-सत्तर पोरं पुढेमागे डुलत एकदम म्हणायची. कॅनॉलवर धुणं धुणाऱ्या बायकांनाही ते पाठ झालं होतं. धडा म्हणताना पोरांच्या हातात पुस्तक असे, आणि ठरावीक शब्द आला की सगळी पानं एकदम उलटली जात. मी एकदा मागून फिरून पाहिलं तर तीन पोरांची पुस्तकं उलटी होती. तरी पान मात्र त्यांनी बरोबर जागी उलटलं.

मला त्या तासाची किळस यायची. मी गुरुजींना तसं बोलून दाखवलं, तर त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, "बाई, आधी पाठ होऊ द्या. अर्थ काय, मोठी झाल्यावर लागतोच."

"आणि नाही लागला तर?"

"तर निदान पाठ तरी राहील."

मग मी ठरवलं की माझ्या खोलीत असलं काही होऊ द्यायचं नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या आल्या त्या दिवाळीनंतर. पाथर्डीकडची कोरडवाहू माणसं, बैलगाड्यांत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं घालून आली. गावाबाहेरच्या पडीक रानात पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्या उभ्या राहिल्या. त्यांची पोरं शाळेत यावीत असं गावात कुणाला वाटत नव्हतं. पण वर्षाची तपासणी जानेवारीत होती आणि पट कमी भरत होता. म्हणून थोरल्या गुरुजींनी मला कोप्यांवर धाडलं. "दहा-बारा नावं लावून घ्या. तपासणी झाली की मग आली काय, न आली काय." हे त्यांनी कुजबुजत नाही, चांगलं मोठ्याने सांगितलं. आजूबाजूच्या सगळ्याच शाळा तसं करत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

त्या दहा-बारांत गया होती. नऊ-दहा वर्षांची, काळीसावळी, गुडघ्याला खरूज, डोळे मात्र जागेवर न राहणारे. पहिल्या दिवशी मी तिला पाटीवर ग काढून दिला आणि विचारलं, "हे येतं का गं?" ती म्हणाली, "न्हाई येत." लाजली नाही की खाली बघितलं नाही. न्हाई येत, बास.

अक्षरं येत नव्हती, पण बाकी तिला काय येत नव्हतं? मोळ्या ती इसांनी मोजायची. वीस म्हणजे एक इसा. "तीन इसा आन् सात," असं आईने बांधलेल्या मोळ्यांकडे नुसतं बघून सांगायची. मी वर्गात तीन डबे ठेवले होते. एकात वाळू, एकात माती, एकात नुसतं पाणी, आणि प्रत्येकात उसाचं एकेक कांडं. एका कांड्याचा डोळा मी मुद्दाम खाली केला होता. "आता काय होईल? तर्क करा. चुकलं तरी चालेल, मनाने सांगा." गावातली पोरं गप्प. त्यांना गुरुजींनी सांगितलेलंच उत्तर देता येत होतं. गया उठून उभी राहिली. "डोळा खाली आसला तरी कोंब वरच येनार बाई. वळून येतो. पन तेवढ्यात त्याची ताकद जाती, म्हून त्यो बारीक पडतो."

मी हरखून गेले. त्या रात्री मी टाचणवहीत गयाविषयी दोन पानं लिहिली. दुसऱ्या दिवशी वर्ग कॅनॉलवर नेला, तिसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर. पाण्याला ओढ कुठली, बैल घाण्याभोवती फिरताना आतल्या बाजूचा दमतो की बाहेरचा, असले प्रश्न. गया बोलायची आणि मी लिहून घ्यायची. अक्षरं काय, येतील आपोआप, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. कारण अक्षरं शिकवणं हे महाकंटाळवाणं काम आहे. एका पोराजवळ बसायचं, त्याचं बोट आपल्या हातात धरायचं, ग, ग, ग, परत ग. काल आलेला ग आज विसरलेला असतो. परत ग. ते पाहायला कुणी येत नाही आणि त्याच्यावर दोन पानं लिहिता येत नाहीत.

गयाची आई सोनाबाई एकदा मधल्या सुट्टीत आली. फडावरून तशीच आली होती. कमरेला कोयता, हातांवर पाचटाने ओढलेले ओरखडे, डोक्याला फडकं. उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना.

"बाई, गया वाचाया शिकतीया ना?"

मी म्हटलं, "सोनाबाई, तुमची मुलगी फार हुशार आहे. आधी तिला विचार करायला शिकवतेय मी. वाचन मागून येईलच."

"इचार तर बैलबी करतो वो बाई. वाचाया शिकवा." मग तिने आवाज खाली आणला. "माजी आई हाय तिकडं गावाला, येकटी. भावकीतल्या कुनाकडनं कार्ड लिवून घेती. हितं ते कार्ड मुकादमाचा भाचा वाचतो, समद्या टोळीपुढं. आई काय काय लिवती, तिचं दुखनं, तिचं रडनं, आन् ह्यो हासून हासून वाचतो. गयाला चार ओळी आल्या तर चुलीपुढं बसून वाचंल. घरचं घरात ऱ्हाईल. आनखी काय नगं मला शाळंकडनं."

एवढंच मागणं होतं. एका बाईला तिच्या आईचं पत्र मुकादमाच्या भाच्याशिवाय ऐकायचं होतं. हंगाम संपायला साडेतीन-चार महिने होते आणि पोरगी चलाख होती. रोज अर्धा तास दिला असता तरी भागलं असतं. मी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा कॅनॉलवर घेऊन गेले.

परवा इथल्या एका शाळेने मला प्रदर्शनाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. जुन्या शिक्षिका म्हणून शाल, नारळ, सगळं झालं. एका टेबलामागे पांढरा कोट घातलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी होती. तिच्यापुढे थर्माकोलचं धरण. मी जवळ जाताच कुणीतरी कळ दाबल्यासारखी ती बोलायला लागली. गुड मॉर्निंग, माझ्या प्रोजेक्टचं नाव अमुक, मला असा प्रश्न पडला की... त्या "मला असा प्रश्न पडला" वर तिने हनुवटीला बोट लावलं. तेसुद्धा शिकवलेलं होतं. मी धरणाखालच्या पाटीवर बोट ठेवून विचारलं, "बाळ, हे काय लिहिलंय?" तिने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गुड मॉर्निंग. मागे तिची आई मोबाईल धरून उभी होती. मुख्याध्यापिका माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमच्याकडे घोकंपट्टी अजिबात नाही हं." मी चहा न घेता निघाले. शाल तिथेच खुर्चीवर राहिली. घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, "एवढं काय झालं चिडायला? लहान आहे ती." त्या मुलीवर मी चिडले नव्हतेच.

तिच्यासारखी एक मुलगी मी स्वतः तयार केली होती, थर्माकोल यायच्या कितीतरी आधी.

तपासणीचा दिवस ठरला. शिक्षणखात्याच्या साहेबांना तेव्हा गावात दिपोटी म्हणत. दिपोटी येणार म्हटल्यावर शाळा शेणाने सारवली, कुंपणाला चुना फासला, सरपंचांकडे कोंबडं बघून ठेवलं. थोरल्या गुरुजींनी एक धडा निवडला आणि तो तिन्हीत्रिकाळ म्हणून घ्यायला सुरुवात केली. कोपीतल्या पोरांनाही त्यांनी त्यात बसवलं. आणि मी? मी माझा प्रयोग मांडला. नव्याने तीन डबे, तीन कांडी. गयाला दारामागे घेऊन मी तिच्याकडून तोच प्रश्न आणि तेच उत्तर दहा वेळा म्हणून घेतलं. अकराव्या वेळेला ती भराभर बोलून मोकळी झाली तेव्हा मी तिला म्हणाले, "असं नाही. जरा थांब. आत्ताच सुचल्यासारखं कर."

थोरले गुरुजी उत्तर पाठ करून घेत होते, हे निदान ते लपवत तरी नव्हते.

साहेब आले. डब्यांपुढे उभे राहिले. गया थांबली, आढ्याकडे बघितलं, आत्ताच सुचल्यासारखं केलं आणि बोलली. साहेब खूश झाले. "वा! खेड्यात असं काम?" मग, मुलगी एवढी तल्लख आहे तर वाचनही पाहू म्हणून त्यांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिला अजून एक ओळ वाचता येत नव्हती. पण गुरुजी पुढे सरसावले, त्यांनी स्वतः पान काढून दिलं आणि धड्याचा पहिला शब्द हळूच पुटपुटले. गया सुरू झाली. अडखळली नाही, कुठे चुकली नाही. पानही बरोबर जागी उलटलं. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिची नजर ओळींवर नव्हतीच. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक बैलाचं चित्र होतं, ती त्या बैलाकडे बघत होती.

मी काही बोलले नाही. गुरुजीही बोलले नाहीत. आमच्या दोघांचं त्या हंगामात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की मुलांचं वाचन अस्खलित आहे आणि नव्या शिक्षिकेने जिज्ञासू वृत्ती जोपासली आहे. थोरल्या गुरुजींनी तो शेरा मला दोनदा वाचून दाखवला. मलाही तो दोनदा ऐकावासा वाटला.

आणि त्यावर कडी म्हणजे, त्याच संध्याकाळी कॅनॉलवर सोनाबाई भेटली तेव्हा मी तिला थांबवून सांगितलं, "गया आज साहेबांपुढे वाचली हो!" का सांगितलं? मला तेव्हा वाटलं, तिला आनंद व्हावा म्हणून. आज वाटतं, माझी स्तुती ऐकायला आणखी एक माणूस हवं होतं म्हणून. सोनाबाईने डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि दोन्ही हातांनी माझे हात धरले. तिचे तळवे खरखरीत होते. "बाई, माजं काम केलं तुमी," ती म्हणाली. मी ते ऐकून घेतलं आणि घरी आले.

लोक मला अजून विचारतात, बाई, पाढे-पाठांतर बरं की हे नवीन पद्धतीचं? आता तर सभा-संमेलनं भरतात यावर. दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने बोलतात आणि मला दोन्हींचा वीट येतो. पाठ केलेल्या पाढ्याचं आणि पडलेल्या प्रश्नाचं आपापसांत काही भांडण नाही. ज्या पोरीला इसांनी मोजता येतं तिला विसाचा पाढा समजावून पाठ करून घ्यायला दोन दिवस लागले असते, आणि ज्या पोरीला उसाचा डोळा कळतो तिला उसातला ऊ दाखवायला तर त्याहून कमी. भांडण होतं ते माझं आणि थोरल्या गुरुजींचं. त्यांना पोरांचा सूर ऐकवायचा होता, मला पोरांची उत्तरं. त्या पोरीचं बोट धरून बसायचं काम दोघांनीही दुसऱ्यावर ढकललं. गुरुजींचा मी पुढे कितीतरी वर्षं मनसोक्त तिरस्कार केला. तो करणं मला सोयीचं होतं.

तपासणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी कोप्यांवर सोनाबाईच्या नावाचं कार्ड आलं. मुकादमाच्या भाच्याने सवयीने हात पुढे केला. सोनाबाईने कार्ड पदराखाली घेतलं. "माजी गया वाचंल," असं ती चारचौघांत म्हणाली. हे आणि पुढचं मला मागाहून शेजारच्या कोपीतल्या बाईने सांगितलं. भाकरी थापून झाल्यावर तिने गयाला चुलीपुढे बसवलं आणि कार्ड हातात दिलं. गयाने ते धरलं. थोडी थांबली. आणि वाचलं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. पुढे तिने मनानेही भर घातली, की आजीने बोरं वाळवून ठेवलीत आणि शेळी व्यायलीय. बरोबरच होतं, त्या दिवसांत शेळ्या वितातच. सोनाबाई हसली, तिने पोरीचा गालगुच्चा घेतला आणि कार्ड कोपीच्या पाचटात खोचून ठेवलं.

नवव्या दिवशी दुसरं कार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडायची आमच्याकडची जुनी रीत. ते कळायला अक्षरं यावी लागत नाहीत.

त्या दिवशी भर दुपारी सोनाबाई माझ्या खोलीच्या दारात आली. या वेळी ती उंबरा ओलांडून आत आली. मागे व्हरांड्यात गया खांबाला धरून उभी होती. सोनाबाईने दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली आणि फाटक्या कोपऱ्याचं बाजूला सारलं.

"हे नगं. ह्यात काय हाय ते समजलं मला. ह्ये आदुगरचं वाचा."

मी कार्ड उचललं. आमच्या जुन्या कार्डांवर असतं तसं लहान, तिरपं अक्षर. पाचच ओळी. मी मोठ्याने वाचलं. आई अंथरुणाला खिळली आहे. अन्न जात नाही. सारखं तुझं नाव घेते. पत्र पाहताच निघावे, एक वेळ भेट घडावी.

सोनाबाई म्हणाली, "खुशाल आसं कुटं लिवलंय?"

"नाही लिहिलेलं, सोनाबाई."

"शेवटाला?"

"कुठेच नाही."

मी दाराकडे बघितलं आणि हाक मारली, "गया." ती आत आली नाही. मी तिथूनच विचारलं, "असं का सांगितलंस गं आईला?" गया थांबली. अगदी मी शिकवलं होतं तेवढीच थांबली. मग म्हणाली, "बाई, म्या तर्क केला."

तिला मारावं असं काही सोनाबाईच्या मनात आलेलं दिसलं नाही. माझ्यावर ओरडावं असंही नाही. तिने कार्डं उचलली, पदरात बांधली आणि गाठ मारून होईपर्यंत खालीच बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "घरी हुती तवा माजी पोर, न येनाऱ्या गोष्टीला न्हाई येत म्हनायची. तेवढं तिला येत हुतं."